मोल्टाचे पंचेचाळीस किलो

मोल्टाला भादरायचं ठरलं तेव्हा टोर्लाइफने सगळ्यात आधी एक फाइल उघडली. पालिकेच्या पाणी व सांडपाणी विभागात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला फाइलशिवाय धड शिंकही येत नाही. ‘घोडी – केशकर्तन – मे’ असं तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहून झाल्यावर निम्मं काम उरकल्यासारखं त्याला वाटलं. उरलेलं निम्मं काम तबेल्यात उभं राहून त्याचीच टोपी चघळत होतं.

निमित्त मोठं होतं. सतरा मेला, देशाच्या राष्ट्रीय दिनी, अख्खं होल्मेविक गाव झेंडे घेऊन शाळेपासून चर्चपर्यंत चालत जातं, आणि मुलांच्या रांगेपुढे एक घोडा असतो. दरवर्षी चालणारा म्हातारा घोडा हिवाळ्यात गेला. त्याच्या जागी यंदा टोर्लाइफच्या मोल्टाने चालावं, असा मिरवणूक समितीचा रीतसर ठराव आला होता. टोर्लाइफने तो तीनदा वाचला. निवृत्त झाल्यापासून त्याच्या नावावर आलेला हा पहिलाच ठराव.

मोल्टा तीन वर्षांची. दलदलीत पिकणाऱ्या पिवळ्या बोरांवरून तिचं नाव ठेवलेलं, आणि रंगही तसाच. पण हिवाळाभर अंगावर एवढी लोकर चढली होती की लांबून ती कुणीतरी अंगणात काढून ठेवलेल्या जुन्या सोफ्यासारखी दिसे. टोर्लाइफचं म्हणणं, ही सगळी हिवाळी लोकर आहे. भादरली की आतून सडपातळ घोडी निघेल. हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. त्याची बायको गुद्नी चाळीस वर्षं शिवण शिकवत होती, त्यामुळे कापडाच्या आत काय असतं याची तिला थोडी कल्पना होती.

“लोकर चालताना अशी हलत नाही, टोर्लाइफ,” ती म्हणाली.

टोर्लाइफने ही हरकत फाइलला लावली नाही.

त्याला खरी काळजी होती ती ओल्लौगची. ओल्लौग ब्याऐंशी वर्षांची, खाडीच्या पलीकडच्या काठावर राहणारी. या जातीच्या घोड्या तिच्या घरात चार पिढ्या जन्मत होत्या. ती घोडी विकत नसे, मुलगी द्यावी तशी देत असे. घर बघून, माणूस बघून, आणि डोळ्यांत पाणी न आणता. मोल्टाच्या व्यवहाराचा करार टोर्लाइफनेच हौसेने लिहिला होता. त्यातलं सातवं कलम असं, की घोडीची निगा नीट राखली जात नाही असं देणारीला वाटलं, तर ती घोडी परत नेईल आणि या निर्णयाविरुद्ध अपील करता येणार नाही. ‘अपील करता येणार नाही’ हे शब्द त्याने नोकरीभर दुसऱ्यांच्या पत्रांत घातले होते. तिथे ते फार छान वाटायचे.

भादरण्याची बातमी गावात पोचायला अर्धा दिवस लागला. सल्ले त्याआधीच पोचले. समोरच्या घरातला स्वेरे म्हणजे फेरीबोटीचा निवृत्त कप्तान. त्याच्या मते घोडी आणि होडी यांत फरक फक्त पायांचा. रंगकाम जसं नाळेपासून सुकाणूकडे एका दिवसात करतात, तसंच हेही करायचं, मध्ये थांबायचं नाही. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बोर्गहिल्द म्हणाली की तरुण जनावराला भादरायच्या यंत्राच्या घुंईऽऽची भीती वाटते, तेव्हा त्याच्या कानाशी त्याच पट्टीत काहीतरी गुणगुणावं. ती स्वतः दोन संध्याकाळी येऊन गुणगुणून गेली. मोल्टाला काही वाटलं नाही, पण शेजारचा कुत्रा घर सोडून गेला तो तिसऱ्या दिवशी परतला.

घोड्यांच्या निगेवरच्या पुस्तकात लिहिलं होतं की यंत्र आधी लांबून चालू करावं आणि घोड्याला आवाजाची सवय होऊ द्यावी. टोर्लाइफने दहा मीटरवरून सुरुवात केली. रोज एक मीटर पुढे, नोंदवहीत नोंद. मोल्टाने पहिल्याच दिवशी कान हलवून विषय संपवला. सवय व्हायला वेळ लागला तो टोर्लाइफला. ते यंत्र हातात अचानक असं काही थरथरे की आपणच कशाला तरी घाबरलो आहोत असं त्याच्या मनगटाला वाटे.

शनिवारी सकाळी आठला कार्य सुरू झालं. घोडी आधी धुऊन, खरारा करून, पूर्ण कोरडी करून मग भादरायची असते. हे त्या पुस्तकाच्या पुढच्या पानावर होतं, आणि टोर्लाइफ एका वेळी एकच पान मंजूर करणारा माणूस. हिवाळाभराची धूळ, भुसा आणि वाळलेला चिखल यंत्राच्या दातांत जाऊ लागला. यंत्र तापलं. मग ते थंड होईपर्यंत कॉफी झाली. पुन्हा चालू केलं, पुन्हा तापलं, पुन्हा कॉफी. दुपारी एकपर्यंत मोल्टाची डावी बाजू पुरी झाली होती आणि टोर्लाइफची अकरावी कॉफी. पाठ ओलांडून उजवीकडे जाणार, एवढ्यात यंत्राने एक दीर्घ सुस्कारा टाकला, थोडा धूर सोडला आणि ते शांत झालं.

दुरुस्तीचं दुकान तालुक्याच्या गावी. शनिवारी दुपारनंतर बंद, सोमवारी मालक दात दाखवायला गेलेला. यंत्र बोटीने गेलं, बोटीने आलं. चार दिवस गेले. तेवढे चार दिवस मोल्टा अर्धी भादरलेली, कुंपणाच्या आत डौलात फिरत होती. डाव्या अंगावर आडवेतिडवे पट्टे उठले होते, गवत कापायचं यंत्र पहिल्यांदाच चालवणाऱ्याच्या हिरवळीवर उठतात तसे. उजव्या अंगावर सोफा जसाच्या तसा.

स्वेरेने कुंपणाशी उभं राहून बराच वेळ निरीक्षण केलं. मग म्हणाला, “दुकानाकडे जाताना तुझी एक घोडी दिसते, येताना दुसरी. भादरलेली जास्त जाड आहे.”

आणि तेच खरं होतं. लोकरीच्या आतून सडपातळ घोडी निघाली नव्हती. आतून तेवढीच घोडी निघाली होती, फक्त आता पुराव्यासकट.

यंत्र आलं, उजवी बाजू झाली. राहिली आयाळ. या जातीच्या घोड्यांची आयाळ दोन रंगांची असते. दोन्ही कडांना पांढरी आणि मधोमध काळी पट्टी. ती अर्धचंद्रासारखी कातरायची आणि काळी पट्टी पांढऱ्यापेक्षा दोन बोटं उंच ठेवायची, हा तिथला शेकडो वर्षांचा रिवाज. घराघरांतल्या म्हाताऱ्या बायका ही कमान साध्या कात्रीने, नुसत्या नजरेने काढतात. टोर्लाइफचा नजरेवर विश्वास नव्हता. नजरेवर विसंबून गटार टाकलं तर पाणी मागे येतं. त्याने तीन पायांच्या स्टँडवर लेसरची पातळी लावली, कानापासून खांद्यापर्यंत लाल रेघ पाडली आणि शंभरात एक असा उतार ठरवला.

मान म्हणजे नळ नव्हे, हे पहिल्या कातरीनंतर मोल्टाने वळून बघितलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं. डावी बाजू बोटभर खाली गेली. ती जुळवायला उजवी कातरली. ती जरा जास्तच जुळली. मग डावी. संसदेत दोन पक्षांनी एकमेकांच्या मागण्या कापत जाव्यात तसं ते चाललं. काळ्या पट्टीला कोणाचंच संरक्षण नव्हतं; तीही गेली. संध्याकाळी गुद्नी बाहेर आली तेव्हा घोडीच्या मानेवर दात घासायच्या जुन्या ब्रशएवढं काहीतरी उरलं होतं.

गुद्नी बघत राहिली. “वाढेल,” एवढंच म्हणाली. बेचाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द तिने आधी फक्त त्याच्या पगाराबद्दल वापरला होता.

सतरा मे उजाडला. या दिवशी गावातला प्रत्येक जण आपापला पारंपरिक पोशाख घालतो, आणि कपाटात ठेवलेला हा पोशाख दरवर्षी नेमका एप्रिलमध्ये आकसतो, हे सर्वांना मान्य असतं. श्वास आत ओढून चालणाऱ्या त्या दोनशे लोकांच्या पुढे मोल्टा चालत होती. तिला श्वास ओढायचं कारण नव्हतं. बँड वाजत होता, आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तिच्या बोडक्या मानेवरचा मांसल कंगोरा एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे लवत होता. टोर्लाइफ समोर बघून चालत होता. लोक टाळ्या वाजवत होते ते प्रेमानेच, पण मानी माणसाला प्रेमही कुठून येतं आहे हे बघावं लागतं.

दुकानाच्या पायरीवर ओल्लौग उभी होती. हातात आइस्क्रीम. मिरवणूक चर्चपाशी थांबली तशी ती शांतपणे आली, आइस्क्रीम टोर्लाइफच्या हातात दिलं आणि मोकळा झालेला हात मोल्टाच्या मानेवर ठेवला. कंगोरा मुठीत धरून हलवला.

“हे काय आहे?”

“मान,” टोर्लाइफ म्हणाला.

“मानेच्या वर?”

टोर्लाइफ आइस्क्रीमकडे बघू लागला. ते गळत होतं.

“ही चरबी आहे, बाबा. केस होते तोवर झाकली होती. भादरलीस ते बरं केलंस, नाहीतर मलाही दिसली नसती.” तिने आइस्क्रीम परत घेतलं. “सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मी येते. ट्रेलर जोडून येते. घोडी नीट दिसली तर एक कॉफी घेऊन जाईन. नाहीतर सातवं कलम.”

एवढं बोलून ती मुलांची धावण्याची शर्यत बघायला गेली.

टोर्लाइफला त्या दिवसानंतर जेवण गोड लागेना. निवृत्तीनंतर त्याचा फोन वाजायचा बंद झाला होता. चौतीस वर्षं ज्यांची गटारं त्याने जोडली ते लोक आता रस्त्यात भेटून हवेबद्दल बोलत आणि पुढे जात. सकाळी सातला फाटकाशी येऊन, त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून, त्याची कॉफी संपेपर्यंत हलायचं नाही असा नेम करणारी एकटी मोल्टाच. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. त्या गावात असलं काही सांगण्याची पद्धत नाही.

त्याने जनावरांची डॉक्टर बोलावली. इंगुन नावाची तरुण मुलगी, कमी बोलणारी. तिने छातीभोवती वजनाचे किलो छापलेली मोजपट्टी गुंडाळली, आकडा वाचला: पाचशे पाच. हवी चारशे साठ. बरगड्या चाचपल्या, बऱ्याच आत गेल्यावर लागल्या. मग खूर उचलून बघितले आणि पहिल्यांदाच चार वाक्यं सलग बोलली. तरुण घोडी आहे म्हणून निभावलं आहे. अशीच राहिली तर पुढच्या वसंतात कोवळ्या गवतावर खुरांच्या आत सूज येईल. मग ती पाय टेकवणार नाही. आणि पाय न टेकणाऱ्या घोडीचं पुढे काय होतं ते टोर्लाइफने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

इलाज सोपा होता. ओट बंद, पाव बंद. वाळलं गवत दिवसाला सात किलो, वजन करून, तासभर पाण्यात भिजवून, म्हणजे त्यातली साखर निघून जाते. चरायला सोडायची तर तोंडाला मुसकं बांधून. आठवड्याला तीन किलो उतरले तरी सप्टेंबरपर्यंत होईल.

असा इलाज टोर्लाइफच्या प्रकृतीला मानवणारा होता. गुद्नीचा सामानाच्या बॅगा तोलायचा काटा तबेल्यात गेला. गवत सात किलोच्या वर दहा ग्रॅम भरलं तर तो तेवढ्या काड्या काढून ठेवी. फाइलला परिशिष्ट जोडलं गेलं. कुंपणावर पाटी लागली: ‘सदर जनावरास कोणत्याही प्रकारचा खाद्यपदार्थ, मग तो शिजवलेला असो वा कच्चा, देण्यास खालील परिच्छेद दोन ते पाचमध्ये नमूद केलेल्या कारणांस्तव मनाई आहे.’ पाटी वाचायला सरासरी तीन मिनिटं लागत. तेवढा वेळ घोडीसमोर रिकाम्या हाताने उभं राहणं कोणालाही कसंसंच वाटे.

त्यातून मे महिन्याच्या अखेरीस गारांचा पाऊस झाला. बोडकी घोडी, तोंडाला मुसकं, वरून गारा. येणाराजाणारा हळहळू लागला. बोर्गहिल्दने चर्चच्या जुन्या पडद्यांची गोधडी करून आणली. तिच्यामुळे मोल्टा लांबून एखाद्या बिशपसारखी दिसू लागली. आठवड्याभरात प्राणी-देखभालीच्या कार्यालयाकडून दोन लिफाफे आले. पहिल्यात, घोडीला उपाशी ठेवल्याची निनावी तक्रार. दुसऱ्यात, घोडीला बेसुमार खाऊ घातल्याची निनावी तक्रार. दोन्हींना दोन वेगळ्या नमुन्यांत, चौदा दिवसांत खुलासा हवा होता. टोर्लाइफ दुखावला, पण पत्राची भाषा वाचून त्याला बरंही वाटलं. अजून कुठेतरी कुणीतरी नीट लिहितं आहे. त्याने दोन्ही खुलासे केले आणि एकाच्या पुष्ट्यर्थ दुसरा जोडला. मग एक तपासनीस बाई येऊन गेल्या, सगळं बघितलं, इंगुनचा कागद वाचला आणि ‘योग्य’ असा शेरा मारला. जाताना मुसक्यातून मोल्टाचं नाक खाजवून “बिच्चारी” म्हणाल्या. तो शब्द कागदावर नव्हता.

दर शनिवारी दहा वाजता मोजपट्टी. जूनचा पहिला आठवडा: पाचशे पाच. दुसरा: पाचशे चार, आणि त्या दिवशी गुद्नीने केक केला. तिसरा: पाचशे सहा. जुलैच्या मध्यावर पाचशे आठ.

इंगुनने नोंदवही चाळली. तिच्यात काहीच चूक नव्हती. “हवा खाऊन घोडी जाड होत नाही,” ती म्हणाली, आणि गाडीत बसून गेली.

टोर्लाइफने रात्रभर विचार केला आणि सकाळी सहाला बटाट्याच्या तळघरात जाऊन बसला. तिथल्या झरोक्यातून कुंपण नीट दिसतं. दुर्बीण, वही, थर्मास. बसायला बटाटे.

सात दहाला स्वेरे आला. इकडेतिकडे बघून त्याने सफाईने मुसक्याची पट्टी सैल केली. बोटीचे दोर सोडून आयुष्य गेलेलं. मग कडक पावाचे दोन तुकडे, त्यांत तपकिरी चीज, आणि पट्टी पुन्हा होती त्याच भोकात. जाताना त्याने पाटीला सलाम केला. आठ वाजता बोर्गहिल्द, रुमालात अर्धं वॉफल. नऊला टपालगाडी. गाडी थांबली तशी मोल्टा स्वतःहून कुंपणाशी गेली, म्हणजे हा जुना परिपाठ असावा. टपालवाल्याने सफरचंद दिलं आणि टोर्लाइफचं टपाल मात्र पेटीबाहेर ठेवून गेला. साडेदहाला शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, गाजर. त्यांनी आधी संपूर्ण पाटी वाचली, खिशातून पेन काढून तिच्यातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि मग गाजर दिलं.

अकरा वाजता गुद्नी आली. हातात बटाट्याच्या सालांचं भांडं. “त्याला सांगायचं नाही हं,” ती मोल्टाला म्हणाली.

टोर्लाइफ बटाट्यांवर बसून राहिला. त्याला राग आला नाही. राग यायला समोर एक माणूस लागतो, इथे गाव होतं. दुपारी स्वयंपाकघरात जाऊन त्याने वही टेबलावर ठेवली. पाच नावं, वेळेनुसार. गुद्नीने आपलं नाव वाचलं, तिचे कान लाल झाले. मग तिने पेन्सिल उचलली आणि सगळ्यांच्या वर लिहिलं: ‘सकाळी सात. टोर्लाइफ. पावाच्या कडा.’

“मला या खिडकीतून दिसतं,” ती म्हणाली.

कॉफी पिताना घोडीला आपल्या पावाच्या चार कडा द्यायच्या, याला खाणं म्हणतात हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती सोबत होती. सोबतीला परिशिष्टात रकाना नव्हता.

आता करायचं काय? दारोदार जाऊन ‘तुम्ही माझ्या घोडीला खाऊ घालता’ असं तोंडावर सांगणं होल्मेविकमध्ये शक्य नव्हतं. तिथे शेजाऱ्याचं घर पेटलं तर आधी चिठ्ठी टाकतात. तिसऱ्या दिवशी तो दुकानात गेला आणि फळ्यावर, हरवलेल्या मांजराच्या शेजारी, एक कागद लावून आला. वर लिहिलं होतं: श्रमदान. खाली: मोल्टाला टेकडीवरच्या खाणीपर्यंत फिरवून आणणे, दिवसातून चार वेळा, सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारपर्यंत. खाली रकाने आणि रकान्यांत नावांसाठी जागा. पहिलं नाव त्याने स्वतःच लिहून टाकलं: सकाळी साडेसात, स्वेरे.

मनाईची पाटी गावाने मनावर घेतली नव्हती. पण श्रमदानाच्या यादीत नाव नसणं ही वेगळी गोष्ट. रस्ता साफ करायच्या श्रमदानाला एक माणूस एकोणीसशे ब्याण्णव साली आला नव्हता. तो वारला, तरी अजून लोक त्याची आठवण काढतात. संध्याकाळपर्यंत यादी भरली, दुसरा कागद जोडावा लागला, आणि मुख्याध्यापकांना हवी ती वेळ न मिळाल्याने त्यांनी दोन दिवस टोर्लाइफशी अबोला धरला.

मग एक चमत्कारिक गोष्ट घडली. कुणी कुणाला काही न सांगता खाणं बंद झालं. कारण आता शनिवारच्या मोजपट्टीला सगळे श्रमदानवाले हजर राहू लागले, आणि टेकडी चढून चढून ज्याच्या गुडघ्यांचं भुस्कट पडलं आहे त्याला आपले किलो दुसऱ्याच्या वॉफलात गेलेले खपत नाहीत. चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या गेल्या होत्या, आणि चोरासारखा पहारेकरी नाही. स्वेरे तर पार बदलला. त्याने बोर्गहिल्दला रुमाल झटकायला लावला. टपालवाल्याची गाडी कुंपणापाशी तीस सेकंदांहून जास्त थांबली तर तो खिडकीतून शिट्टी मारे. एकदा मुख्याध्यापक टेकडीवरून उतरताना मोल्टाच्या तोंडाशी काहीतरी हिरवं दिसलं, तर त्याने त्यांना तिथल्या तिथे विचारलं.

“तिने स्वतः उपटलं,” मुख्याध्यापक म्हणाले. “मी फक्त थांबलो होतो.”

“थांबायचं नाही असं ठरलंय, गुरुजी. पुन्हा वर जा.”

आणि ते गेले.

चारशे अठ्ठ्याण्णव. चारशे एक्याण्णव. ऑगस्ट लागला, चारशे ऐंशी. मोल्टाची चाल बदलली. पूर्वी ती टेकडीच्या पायथ्याशीच विचारात पडायची, आता वळणावरून दुडकी धरायची आणि दोरीच्या टोकाला जो असेल तो तिच्यामागे पळायचा. बोर्गहिल्दच्या पोशाखाचे हुक लागू लागले. नुकत्याच वाढू लागलेल्या आयाळीत मधली काळी रेघ पुन्हा दिसू लागली, पण टोर्लाइफने लेसरकडे बघितलंही नाही. सकाळी सातची कॉफी तो आता पावाशिवाय पीत असे. पहिल्या दिवशी मोल्टाने त्याचे दोन्ही हात हुंगले, थोडा वेळ थांबली आणि मग हनुवटी खांद्यावर टेकली. त्या दिवशी त्याची कॉफी संपायला अर्धा तास लागला.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी, सकाळी नऊ वाजता, मोजपट्टी लागली. चारशे चौसष्ट.

स्वेरेने पट्टी ओढून स्वतः लावली, पुन्हा चौसष्ट. त्याचं म्हणणं पडलं की भरतीच्या वेळी सगळ्याच वस्तू थोड्या जड भरतात. मुख्याध्यापकांनी सुचवलं की तिला पटकन एकदा वर नेऊन आणावं. बोर्गहिल्द म्हणाली की श्वास सोडल्यावर मोजा, आणि ती स्वतःच मोठ्याने श्वास सोडून मोल्टाला दाखवू लागली. टोर्लाइफने पट्टी गुंडाळली. करार त्याने लिहिला होता; त्यात ‘जवळपास’ हा शब्द कुठेच नव्हता.

दहाच्या बोटीने ओल्लौगची गाडी उतरली. मागे ट्रेलर. चढावर ट्रेलर असा जड कुरकुरत येत होता की गुद्नीने टोर्लाइफचा हात धरला. लोकांदेखत, भर दिवसा.

ओल्लौग उतरली. जमलेली वीसेक माणसं तिने बघितली आणि काही विचारलं नाही. टोर्लाइफने पुढे केलेली वही तिने न उघडता कुंपणाच्या खांबावर ठेवली. मोजपट्टीकडे बघितलंही नाही. हातमोजे काढून ती मोल्टाच्या अंगावरून हात फिरवू लागली: बरगड्या, पाठ, शेपटीचं मूळ, मग मान. मानेवर बराच वेळ. मग खाली वाकून एकेका खुरावर तळवा ठेवला. मोल्टाने वळून टोर्लाइफकडे बघितलं. टोर्लाइफ बुटांकडे बघत होता.

“किती भरली?” ओल्लौगने विचारलं.

“चारशे चौसष्ट.” टोर्लाइफ म्हणाला. “चार किलो जास्त आहेत. मला कलम माहीत आहे.”

“हाताला चार किलो कळत नाहीत,” ओल्लौग म्हणाली. “मला घोडी कळते. घोडी नीट आहे. कॉफी आहे ना?”

वीस माणसांनी एकदम श्वास सोडला. कुणी टाळी वाजवली नाही. स्वेरे फक्त “असं,” म्हणाला आणि नाक शिंकरायला तोंड फिरवून उभा राहिला. टोर्लाइफला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, की मग ट्रेलर उगीच आणलास.

“उगीच का आणीन?” ओल्लौगने ट्रेलरच्या कड्या काढल्या. फळी खाली आली. आतून आधी एक शेपूट आली, मग बराच वेळ नुसती पिवळी पाठच येत राहिली. शेवटी फळीच्या लाकडाने एक आवाज केला आणि अंगणात एक घोडा उतरला. वय चार वर्षं, घेर देवळातल्या नगाऱ्यासारखा, मानेचा कंगोरा एका बाजूला पार कलंडलेला. पलीकडच्या दरीतल्या एका निवृत्त दंतवैद्याकडून सातव्या कलमाखाली काल परत घेतला, तिने सांगितलं. “तुझं कलम चांगलं आहे, म्हणून मी आता सगळ्यांना तेच लावते. माझ्या अंगणात टेकडी नाही, आणि माझ्या गुडघ्यांत आता ताकद नाही. तुझ्याकडे दोन्ही दिसतंय.”

“याचं नाव ग्राऊत,” ती म्हणाली, आणि दोरी टोर्लाइफच्या हातात देऊन गुद्नीबरोबर कॉफीला आत गेली. ग्राऊत म्हणजे लापशी.

मुख्याध्यापकांनी घोड्याला एक प्रदक्षिणा घातली; तिला नेहमीपेक्षा वेळ लागला. बोर्गहिल्दने वेळ न दवडता विचारलं की जुन्या यादीतल्या वेळा तशाच राहणार, की नवा कागद लागणार. स्वेरे घरी जाऊन टेकडीचे बूट घालून आला.

टोर्लाइफ दोरी धरून उभा होता. ग्राऊतने त्याला डोळाभर बघून घेतलं, मग पुढे होऊन त्याचा डावा खिसा हुंगला, उजवा हुंगला, टोपी काढून तिच्या आत बघितलं. कुठेच काही नव्हतं. घोड्याला ते पटलं नाही. त्याने पुन्हा डाव्या खिशापासून सुरुवात केली.